श्रावणाची टोपली

पात्रांव,

काल तुयेच्या दुकानात एक माणूस पावाचा उंडा नाकाला लावून बराच वेळ उभा होता. वसाहतीतल्या कुठल्यातरी कारखान्यात साहेब असावा, बोली पुण्याकडची. म्हणाला, "हा खरा सुराचा आहे ना? नाहीतर हल्ली सगळे यीस्टच घालतात." काउंटरवरच्या माझ्या माणसानं पापणी न लवता सांगितलं, "साहेब, आमचा रेंदेर रोज सकाळी माडावरून उतरला की थेट इथंच येतो. ताजा सूर." रेंदेर! आता इकडे माडावर चढून सूर, म्हणजे माडी, काढणारा माणूस शोधायचा तर सरकारकडे अर्ज करावा लागेल. आमच्या पिठात गेली कित्येक वर्षं पाकिटातलं यीस्ट पडतं, हे मला माहीत, त्याला माहीत, आणि थोडं नाक असतं तर त्या साहेबालाही कळलं असतं. साहेब खूश होऊन सहा उंडे घेऊन गेला. माझ्या माणसानं मागं वळून मला डोळा मारला. मी खुर्चीत बसलो होतो. गल्ल्यातल्या नोटा सारख्या करत राहिलो.

तुमची आठवण झाली म्हणून लिहायला बसलो असं म्हटलं तर ते खोटं होईल. तुमची आठवण होऊ नये म्हणून मी खूप खटपट केली आहे. दोन दुकानं काढली, यंत्रं आणली, भट्टी पाडून तिथं विजेची कपाटं बसवली. पण काल तो साहेब गेल्यावर मी टोपलीतला एक उंडा उचलला आणि कानाशी नेऊन बोटाच्या सांध्यानं त्याच्या बुडावर टकटक केली. सवय गेलेली नाही. आवाज अगदी पोकळ, हलका. यीस्टचा. आणि मग पाव बोलतो असं सांगणारा तुमचा आवाज आला, "पाव उलयता रे. आयक."

मी चंदगडाकडचा. घाट उतरून डिचोलीत आलो तेव्हा आधी खनिजाचे ट्रक धुवायचो. दिवसभर लाल चिखलात. कान तेवढे माझे तेव्हापासून चांगले. बाजाराच्या टोकाला ट्रक आला की इंजिनाच्या आवाजावरून सांगायचो कुणाचा ते. तुम्ही एकदा पाव घ्यायला आलेल्या मला थांबवून विचारलंत, "सूर पितोस?" मी म्हटलं, "न्हाई. माळ हाय गळ्यात." तुम्ही माळ बघितलीत, माझे हात बघितलेत, आणि म्हणालात, "बरें. मग तूं काउंटराचेर." मला मालक मिळाला, इकडच्या बोलीत पात्रांव, आणि वाटलं माझं नशीब उघडलं. ते उघडलंच, पण तुम्ही मला का घेतलंत हे मला नंतर कळलं. तुम्ही सासष्टीचे किरिस्तांव पोदेर, पिढीजात पाव भाजणारे. डिचोलीच्या बाजारात तुमची भट्टी जुनी, पण भोवतालची घरं सगळी हिंदू, त्यातली निम्मी सुरामुळं पाव उंबऱ्याच्या आत घेत नसत. तुम्हाला काउंटरवर गळ्यात माळ असलेला माणूस हवा होता. माझी माळ हीच तुमच्या दुकानाची हमी होती. मी ती हमी पगारावर देत होतो.

काउंटरवर भांडणं रोजची. आज आठवली तरी हसू येतं. दोन ड्रायव्हर यायचे, एकाला करपलेला पाव हवा, दुसऱ्याला गोरा, आणि दोघं एकमेकांच्या हातातला बघून "ह्याला चांगला दिला" म्हणून माझ्यावर उखडायचे. एक प्राथमिक शाळेचे मास्तर होते. ते प्रत्येक उंडा अंगठ्यानं दाबून बघायचे आणि दहा दाबून दोन घ्यायचे. एकदा दुकान भरलेलं असताना मी म्हणालो, "मास्तर, वर्गातल्या पोरांचे कान पिळता तसे पाव पिळू नका, ते रडत न्हाईत." सगळे हसले. मास्तर पिशवी रिकामी घेऊन गेले. मला वाटलं, बाजी मारली. तुम्ही आतून पिठाचे हात पुसत आलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "तोंड जिखलें तुवें, गिरायक गेलें." मग मला चार उंडे फडक्यात बांधून दिलेत आणि मास्तरांच्या घरी पाठवलंत. उन्हात. मी दारात उभा राहून माफी मागितली. मास्तरांनी चारही पाव दाबून बघितले आणि घेतले. त्या दिवशी मला तुमचा फार राग आला होता.

पण तुमच्या दुकानाची रीत तीच होती. पाव परत आला की हुज्जत नाही. तो घ्यायचा, वाजवायचा, मोडायचा, आणि चूक आपली निघाली तर ती तिथंच, जेवढी माणसं उभी असतील तेवढ्यांना ऐकू जाईल अशी सांगायची. हळू बोललेली माफी तुम्हाला चालत नसे. एकदा मी पुटपुटलो तर म्हणालात, "तक्रार मोठ्यान आयली न्ही? मग?"

वाजवायला तुम्ही मला सहा महिने शिकवलंत. सुराचा पाव सावकाश फुगतो, त्याची साल जाड. बुडावर टिचकी मारली की आवाज खोलवरून येतो, बंद दारावर थाप मारल्यासारखा. यीस्टचा पाव घाईचा. तो टकटक वाजतो. तुम्ही माझ्या डोळ्यांवर पिठाचं फडकं बांधायचात आणि एकेक पाव हातात द्यायचात. सुरुवातीला मी अंदाजानं सांगायचो आणि तुम्ही अंदाज ओळखायचात. मग एक दिवस वीस पाव दिलेत, मी वीसच्या वीस बरोबर सांगितले. तुम्ही फडकं सोडलंत आणि दुकानाच्या बाहेर जाऊन शेजारच्या कासाराला, पलीकडच्या शिंप्याला, सगळ्यांना सांगून आलात, "म्हज्या घाट्याचे कान पळयात!" माझ्या बापानं कधी माझं कौतुक असं बाहेर जाऊन सांगितलं नव्हतं.

आणि श्रावण. श्रावणात सुराचा पाव म्हणजे दारूच, असं मानणारी घरं पुष्कळ. दुसरा कुणी पोदेर असता तर म्हणाला असता, महिनाभर नका खाऊ. तुम्ही त्या घरांसाठी वेगळी काठवट ठेवली होती. अकरा महिने ती धुऊन, उलटी करून माळ्यावर. श्रावण लागला की खाली यायची आणि तिच्यात सुराचा थेंब पडायचा नाही, नुसतं यीस्ट. पीठ फुगायला ठेवताना तुम्ही एरवी त्याच्यावर बोटानं क्रूस ओढायचात. ह्या काठवटीपाशी मात्र बाजूला सरकायचात आणि मला म्हणायचात, "ये, तुज्या देवाचें कितें आसत तें कर." मला कुठं काय येत होतं! मी नुसते हात जोडायचो. ते पाव वेगळ्या टोपलीत, त्याच्यावर पांढरं फडकं. नेहमीच्या टोपलीवर निळ्या चौकडीचं. काउंटरवर दोन्ही शेजारी. बाया यायच्या आणि म्हणायच्या, "श्रावणातलो दी रे." माझ्या माळेकडे एकदा बघायच्या आणि निर्धास्त जायच्या. किती वर्षं लागली होती तुम्हाला तेवढं मिळवायला, पात्रांव? मी आलो त्याच्या आधीपासून चाललं होतं ते.

त्या बायांमध्ये देवळाजवळची आजी पहिली. दात नाहीत, जीभ मात्र शाबूत. रोज काहीतरी काढायचीच. "घाट्या, हो पाव काय फातर? काल म्हजो दांत गेलो." मी म्हणायचो, "आजये, तुझा दात माझ्या जन्माआधी गेलाय. त्याची तक्रार पोर्तुगीज सरकारकडं कर." ती म्हणायची, "तें गेलें, तूं आयलो. तें बरें आशिल्लें." मग बोळकं उघडून हसायची. पाव परत करायची, वाजवून घ्यायची, तोच पाव पुन्हा घेऊन जायची. घरी सून होती, पण सुनेशी भांडायला ती भ्यायची. तिचं भांडण सगळं माझ्या काउंटरवर व्हायचं. मला ते आवडायचं. ज्या दिवशी ती यायची नाही त्या दिवशी दुकान मुकं वाटायचं.

गोवा वेगळं राज्य झालं त्या वर्षीचा श्रावण. त्याच्या आधीची दोन वर्षं कशी गेली ते तुम्ही पाहिलंत. मराठी की कोंकणी, ह्यावरून एका घरात दोन चुली झालेल्या मी पाहिल्या. काउंटरवर पाव मागायची भाषासुद्धा लोक एकमेकांच्या तोंडातून तपासू लागले. आपल्या बोर्डावर अक्षरच नव्हतं, नुसता एक उंडा रंगवलेला. एक टोळकं येऊन म्हणालं, बोर्ड मराठीत कर. दुसरं आलं, म्हणालं, कोंकणीत. तुम्ही दोघांना एकच सांगितलंत, "बोर्ड कोण खायना." लोक हसले, गेले. पण मला ऐकू यायचं ते तुम्हाला यायचं नाही, तुम्ही आत भट्टीपाशी. "पोदेर कुणाकडचा?" "ते काय विचारायचं?" असं पायरीवर बोलणं चालायचं. तुम्ही कुणाकडचे नव्हता. तुम्ही शेजारच्या बारदेशापर्यंतसुद्धा कधी जात नव्हता.

त्या आषाढात आजीच्या मुलाचा ट्रक खनिज घेऊन जेटीकडे जाताना उलटला. मुलगा बांबोळीच्या इस्पितळात, बेशुद्ध. सून त्याच्यापाशी राहिली. आजी रोज पहिल्या बसनं जायची, संध्याकाळी यायची. तिनं देवीपुढं नेम केला: अख्खा श्रावण मासळी नाही, कांदा नाही, दारूचा वाराही नाही, पोर उठून बसू दे. रांधायला वेळ नाही, म्हणून आपल्या श्रावणाच्या टोपलीतले चार पाव घेऊन जायची आणि तिकडं चहात बुडवून खायची. सोमवारी संध्याकाळी बसमधून उतरून दुकानात आली, म्हणाली, "फाल्यां चार दवर हां. म्हाका पयली बस." मी म्हणालो, "ठेवतो आजये, सोन्याच्या ताटात ठेवतो." तुम्ही आतून ऐकलंत आणि ओरडलात, "तिचे चार पयलीं काडून दवर!"

मंगळवारी सकाळी दुकानात रेटारेटी होती. पाऊस थांबून ऊन आलं होतं, आणि ऊन आलं की तासाभरात लाल धूळ. दोन्ही फडकी धुळीनं एकाच रंगाची झालेली. टोपल्या शेजारी शेजारी. आजी पायरीवरूनच ओरडत आली, "दी रे बेगीन, बस हालता!" आणि मी हात घातला, चार पाव कागदात बांधले आणि तिच्या हातात दिले. चुकीच्या टोपलीत हात गेला. मी ही गोष्ट स्वतःला इतकी वर्षं अशीच सांगत आलो आहे.

बुधवारी ती आली तेव्हा दुकानात दहाबारा माणसं असतील. मास्तर होते, शिंपी होता, नव्या पुढाऱ्यांच्या मागे फिरणारा एक तरणा होता. तिच्या हातात फडक्यात बांधलेले तीन पाव. ती पायरी चढली, मी हसून म्हणालो, "काय आजये, आज कुठला दात गेला?" तिनं गाठ सोडून पाव काउंटरवर एका ओळीत ठेवले. मग म्हणाली, "ह्या पावाक सुराचो वास येता." इतकी हळू की मागच्यांना ऐकू गेलं नसेल. मला गेलं. इतक्या वर्षांत तिचा तो आवाज मी ऐकलेला नव्हता. इस्पितळाच्या व्हरांड्यात तिनं एक पाव चहात बुडवून खाल्ला. गरम चहानं वास उठला. शेजारच्या बाकावर म्हापशाकडची एक किरिस्तांव बाई बसली होती, ती बिचारी प्रेमानं म्हणाली, माये, आमच्या पोदेरासारखाच आहे हो, सुराचा. तोवर पाव पोटात गेला होता.

"म्हजो नेम मोडलो," आजी म्हणाली.

तुम्ही आतून आलात. हात पुसलेत. एक पाव उचलून कानाशी नेलात, टिचकी मारलीत. दुसरा घेतलात. तिसरा वाजवायची गरज नव्हती, तरी वाजवलात. मग माझ्याकडे वळलात आणि विचारलंत, "टोपली कोणें भरिल्ली?" टोपली तुम्ही भरायचात, काउंटर मी बघायचो, दोन्ही टोपल्या नीट भरलेल्या होत्या हे तुम्हालाही माहीत, मलाही. तुम्ही मला जागा करून देत होता, पात्रांव. मी म्हणायचं होतं, टोपली नीट होती, हात माझा चुकला. मोठ्यानं म्हणायचं होतं, तुमच्या रीतीनं. माझ्या डोळ्यांसमोर ती माणसं, त्यांचे डोळे माझ्या माळेवर. मला एकदम ट्रक धुवायची ती जागा दिसली, लाल चिखल दिसला. मी म्हणालो, "तुम्हीच भरून दिली होती, पात्रांव."

तुम्ही किती वेळ थांबलात? मी ऐकत होतो. भट्टीतलं लाकूड तडकलं, एकदा. एवढाच वेळ. मग तुम्ही आजीकडे वळलात आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणालात, "हय. चूक म्हजी. टोपली म्हजेकडल्यान बदल्ली. माफ कर, माये." आणि डोक्यावरची टोपी काढलीत.

तो तरणा मागून म्हणाला, "आतां राज्यूय तुमचें, भासूय तुमची. आमकां सूर चारून बाटयतात काय?" मास्तर त्याला म्हणाले, "गप रे." पण म्हणताना त्यांनी हातातले दोन उंडे काउंटरवर परत ठेवले, आज न दाबताच. आजीनं ते तीन पाव तिथंच सोडले, फडकं मात्र झटकून, घडी करून नेलं.

त्यानंतर नवव्या दिवशी तिचा मुलगा गेला. डोक्याला मार होता, इस्पितळातल्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच सुनेला सांगून ठेवलं होतं म्हणे. पण गल्लीत ते कोण ऐकतो? गल्लीला चार पाव दिसत होते. तुम्ही तिच्या अंगणात जाऊन उभे राहिलात. मी आलो नाही, दुकान सांभाळायला हवं असं सांगितलं. दुकानात माशी नव्हती. शिंप्यानं मला नंतर सांगितलं, तुम्हाला कुणी या म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही. एकानं तुमच्या शेजारचं स्टूल उचलून दुसरीकडे नेऊन ठेवलं. प्रेत उचलेपर्यंत तुम्ही उभे होता, टोपी हातात.

कुणी दगड मारला नाही. मी पुष्कळ वेळा मनात म्हटलं, मारला असता तर बरं झालं असतं, काच बसवून मोकळे झालो असतो. लोकांनी नुसती वाट बदलली. बाजाराच्या वरच्या अंगाला दुसरी बेकरी होती, बाया तिकडे वळल्या. आधी श्रावणाची टोपली रिकामी होईना, मग गणपतीची चवथ झाली तरी दुसरी होईना. ड्रायव्हर तेवढे यायचे. तुम्ही अर्ध्या पिठावर आलात, मग पाव हिश्श्यावर. उरलेल्या पिठाची कांकणं, बांगडीसारखे कडक गोल पाव, करायचात, कांकणंही उरायची. तुम्ही मला एका शब्दानं विचारलं नाहीत. ज्या माणसानं मी मास्तरांना बोललो म्हणून मला भर उन्हात पिटाळलं होतं, तो माणूस आता पीठ तिंबताना माझ्याशी पावसापाण्याचं बोलायचा. मी रोज वाट बघायचो. आज शिव्या घालतील, आज हाकलतील. तुम्ही म्हणायचात, "आज हवा ओली आसा. पीठ फुगचें ना."

नाताळाच्या आधी तुम्ही भट्टी विझवलीत. शेवटच्या घाण्याचे वीसेक उंडे निघाले. सगळे सुराचे, श्रावणाची काठवट तुम्ही सप्टेंबरातच फोडून जाळली होती. सामान काय, एक ट्रंक आणि एक छत्री. बसपर्यंत ट्रंक मी नेली. बस सुटायच्या आधी तुम्ही पिशवीतून एक उंडा काढलात, अजून कोमट, आणि माझ्या हातात दिलात.

"वाजय," तुम्ही म्हणालात.

मी कानाशी नेऊन वाजवला.

"कितें म्हणटा?"

"सुराचा," मी म्हणालो.

तुम्ही मान हलवलीत. "कान बरे आसात रे तुजे." आणि बसमध्ये चढलात. खिडकीशी जागा मिळाली होती, पण तुम्ही खिडकीतून बघितलं नाहीत.

तो उंडा मी खाल्ला नाही, टाकलाही नाही. ट्रंका ठेवायच्या माळ्यावर वाळत राहिला, मग उंदरांनी नेला असेल.

पुढचं तुम्हाला कुणी सांगितलं असेल की नाही, माहीत नाही. जागेचा मालक म्हणाला, "तूच चालव. तू आपला माणूस." मी भट्टी परत पेटवली. बोर्डावरच्या उंड्याच्या खाली मराठीत अक्षरं काढून घेतली, ठळक. बाया परत आल्या. त्याच पायरीवरून, तीच भट्टी, त्याच टोपल्या, नुसती फडकी नवी. मास्तर आले आणि दहा पाव दाबून दोन घेतले. वर्षभरात दुकानात उभं राहायला जागा नसायची. माझं डोकं चालतं, जीभ चालते, लोकांना मी आवडतो. मला हे माहीत आहे आणि त्याचं मी सोनं केलं. पेडण्याकडे वसाहत वाढली तेव्हा तुयेत दुसरं दुकान काढलं. घाटावरून कामाला येणारी पोरं माझं नाव घेतात, म्हणतात, शून्यातून उभा राहिला. मी मान हलवतो.

आजी परत आली नाही. त्यानंतर ती बरीच वर्षं जगली. रोज दुकानावरून देवळात जायची. मी पाठ करून उभा असलो तरी तिच्या सपाता मला ऐकू यायच्या. दुकानासमोर आल्या की त्या जरा थांबायच्या, एका पावलापुरत्या, आणि मग घाईनं पुढं जायच्या. ती का थांबायची हे मला कधी कळलं नाही. वासानं असेल.

तुम्ही गेल्याचं मला पिठाच्या ट्रकवाल्यानं सांगितलं. पोती उतरवता उतरवता म्हणाला, "तुमचा तो जुना पात्रांव गेला सासष्टीत. मे महिन्यातच." मी म्हणालो, "बरा माणूस होता," आणि एक पोतं ओलं लागलं म्हणून त्याच्याशी भांडलो. तुम्हाला पुरलं ते सिमितेर कुठल्या गावात आहे ते त्याला ठाऊक होतं. मी विचारलं नाही. म्हणून ह्या कागदावर पत्ता नाही आणि तो घालायचीही मला इच्छा नाही. यंत्राच्या कपाटाखाली एक खण आहे, जुन्या फडक्यांचा, तिथं हा राहील. तिथं माझ्याशिवाय कुणी हात घालत नाही.

पण घडी घालण्याआधी वर जे लिहिलं ते एकदा वाचून बघितलं. चुकीच्या टोपलीत हात गेला, असं मी तुम्हालाही लिहून मोकळा झालो. इतक्या वर्षांनी, तुम्हाला. श्रावणाची टोपली त्या मंगळवारी रिकामी होती, पात्रांव. आजीचे चार मी काढून ठेवले होते. पण तिच्या आधी एक ठेकेदार जीप थांबवून आला, त्याच्या घरी पूजा होती, आणि त्यानं मला "शेट" म्हणून हाक मारली. मला तोवर कुणी शेट म्हटलं नव्हतं. मी ते चार त्याला दिले. मग आजी आली, बस हलत होती, आणि नाही म्हणालो असतो तर तिनं अख्ख्या बाजारात मला झोडलं असतं. मी सुराच्या पावांवरच्या निळ्या फडक्याखाली हात घातला. आणि सवयीनं चारही पाव कानाशी धरून वाजवले. एक जरा कच्चा वाटला, तो ठेवून तिला दुसरा चांगला दिला, तिनं परत आणू नये म्हणून.